पासंग

लक्ष्मीपुरीत आमचं धान्याचं दुकान.
दोन भाऊ, एक गल्ला,
आणि वडिलांच्या वेळचा पितळी तराजू.

थोरला आनंदा म्हणजे तापलेली कढई,
थेंब पडला की तडतड.
हमालावर, गिऱ्हाइकावर,
पोतं शिवायच्या दाभणावरसुद्धा.
पाच मिनिटांत निवतो
आणि त्याच हमालाला स्वतः चहा-बटर नेऊन देतो.

मी तसा नाही. मी साठवतो.
चैत्रात लागलेला शब्द
दिवाळीच्या वह्यांपर्यंत जपतो,
हुलग्याला राख लावून ठेवतात तसा, कीड न लागता.
लोक म्हणतात, धाकटा शांत आहे.
शांत आणि गार
यांत किती किलोचा फरक असतो,
ते लोकांना कुठं माहीत?

त्या साली आम्ही सहा महिने बोलत नव्हतो.
“पावशेर तूर.” “मांडून ठेव.”
एवढंच, गल्ल्याच्या या टोकाकडून त्या टोकाला.
तराजूवर शिक्का मारून घ्यायचा होता.
म्हटलं, आधी दुरुस्त करू,
आणि गंगावेशीच्या बोळात
दस्तगीरचाचांकडे घेऊन गेलो.

मी सांगायला लागलो,
याची डावी बाजू खोटी आहे, जोंधळा घातला की...
त्यांनी हात वर केला.
“माल ऱ्हाऊ दे. वजनंबी ऱ्हाऊ देत.
काटा पयला रिकामा बघायचा असतोय.”

रिकामा तराजू त्यांनी चिमटीत धरला.
दांडी हलली, पुन्हा हलली,
आणि डावीकडे गव्हाच्या दाण्याएवढी कलून थांबली.
कुणी काही घातलं नव्हतं.
कुणाचा गुन्हा नव्हता.

“ह्ये पारडं जन्माचंच जड.
कानशीनं घासशीला तर पातळ हुईल, फाटंल.
पलीकडं उलीसं बांधायचं, बास.”
शिशाचा तुकडा, तारेचे दोन वेढे.
“आन् दुसऱ्याच्या काट्याचा पासंग
आपल्या काट्याला चालत न्हाई बरं का.”

पापाची तिकटी ओलांडताना पुराची रात्र आठवली.
आनंदानं ओरडून सगळी गल्ली उठवली होती,
चाळीस पोती माळ्यावर चढली,
मी अजून मोजतच होतो
आधी कुठलं उचलावं.
आणि पुढच्याच महिन्यात
खोटं बिल घेऊन आलेल्या दलालावर
त्यानं दोन किलोचं माप उगारलं,
तेव्हा त्याचं मनगट धरून
पावती मागणारा मी होतो.

तेव्हापासून शटर वर करण्याआधी
मी स्वतःला रिकामा बघतो.
कुणी अजून काही बोललेलं नसतं,
तरी काही दिवशी कललेलोच असतो.
पित्तानं, स्वप्नानं, कशानंच नाही.
मग काहीतरी बांधावं लागतं.

माझा पासंग: लागलेलं त्याच दिवशी सांगायचं.
पहिल्यांदा सांगितलं तेव्हा घसा कोरडा पडला होता.
“आनंदा, काल हमालासमोर बोललास, ते मला लागलं.”
तो थांबला. मी तडतडीची वाट पाहिली.
तुरीच्या पोत्यात माप खुपसून
तो ओठ हलवत काहीतरी मोजत होता.
सातपर्यंत आला.
मग ओरडलाच.
पण सात.

आता दुकानात बॅटरीचा काटा आहे,
बटण दाबलं की शून्य.
जुना तराजू गल्ल्यावर टांगलाय,
चाचांचं शिसं अजून तसंच बांधलेलं.
काल धूळ पुसली, दांडी थांबेस्तोवर पाहिली.
जरासा कललाय.
या खेपेला उजवीकडे.