मसुदा

माझ्या खोलीत माग नाही.
साखर पेठेत हे मुद्दाम सांगावं लागतं.
खाली दासरींचे चार यंत्रमाग,
त्यांच्या खटक्यांनी माझ्या टेबलावरचा चहा
कपातल्या कपात थरथरतो.
वर मी, आणि एकशे बारा गिऱ्हाइकांची पानं.

काम साधं आहे.
प्रत्येकाला एक खिडकी देते, खिडकीत चौकटी:
नाव, पत्ता, भाव, फोटो.
भरा, 'जतन' दाबा, मग 'प्रसिद्ध करा'.
पान नव्यानं विणून निघतं
आणि दुकानात घडी घालून ठेवलेल्या चादरीसारखं
पडून राहतं. कोणीही उलगडा, तेच.
आत काही फिरत नाही, म्हणून बिघडतही नाही.
"एवढंच?" विचारतात.
एवढंच. महिना नव्याण्णव रुपये.

नाना जकार्डची कार्डं पाडायचे.
भोक असेल तिथं सुई आत जाते, धागा उचलला जातो,
नसेल तिथं तो मुकाट खाली राहतो.
एका मोराला आठशे कार्डं लागत.
चुकलेलं भोक ते खळ लावून कागदानं बुजवत,
माग चालू व्हायच्या आत.
माझा धंदा समजावला तेव्हा म्हणाले,
"म्हणजे कार्ड आधी, माग नंतर."
हो.
"मग तू नवीन काय केलंस?"

अक्कलकोट रोडला बुमय्या चिलवेरी, वय बहात्तर.
टॉवेल, नॅपकिन, लॉजसाठी खास दर.
पानाच्या माथ्यावर: चिलवेरी ब्रदर्स.
मार्चात कारखान्याच्या मधोमध भिंत आली,
सहा माग इकडे, सहा तिकडे,
बॉयलर कोणाचा, ते कोर्टात.
त्यांनी फोन केला, "अक्का, एक शब्द काढायचाय."
मी म्हटलं, तुम्हीच काढा, सोपं आहे.
शिकवलं. शिकले.

कोण काय लिहितं ते मी वाचत नाही.
नोंदवहीत फक्त वेळ दिसते, आणि आकडा.
रात्री दोन वाजून दहा मिनिटं: उणे आठ.
जतन.
दोन सतरा: अधिक आठ.
जतन.
प्रसिद्ध: नाही.

आठ कसे, ते मी बोटांवर मोजलं.
'ब्रदर्स'ची अक्षरं पाच,
यंत्राच्या लेखी त्यांच्या पोटातले दोन पायमोडके हलंत,
आणि शब्दाआधीची रिकामी जागा.
तीही मोजली जाते.
ती काढल्याशिवाय शब्द नीट जात नाही.

एप्रिल. मे, ज्यात रात्रीही पत्रा तापलेला असतो.
जून.
उणे आठ, अधिक आठ.
कधी मधे पाच मिनिटं, कधी पाऊण तास.
एका रात्री उणे आठ झालं आणि वीज गेली,
मी अंधारात उगाच जागी.
चार वाजता वीज आली.
चार तीनला अधिक आठ.

आमच्याकडे नियम आहे:
नव्वद दिवस प्रसिद्ध न झालेला मसुदा
आपोआप पुसला जातो.
नियम मीच केला, जागेचे पैसे पडतात.
एकशे अकरा गिऱ्हाइकांपुढे नव्वद लिहिलंय.
एका चौकटीत मी आकडाच टाकला नाही.

परवा त्यांचा फोन आला. मला वाटलं, झालं.
म्हणाले, लातूरच्या लॉजवाल्यानं
पानावरचा दुसरा नंबर फिरवला.
तो तम्मुडूचा, धाकट्याचा, राहूनच गेला होता.
त्यानं ऑर्डर घेतली. वीस डझन, पांढरे, काठ निळा.
चिठ्ठी लिहून पोऱ्याच्या हाती
भिंतीच्या अलीकडे धाडली.
चिठ्ठीत ऑर्डरच होती, बाकी काही नाही.
"बाकी काही नाही," पुन्हा म्हणाले.
मग, "अक्का, काठाचा निळा त्यालाच जमायचा."
मी विचारलं, नंबर काढू?
खालचे माग ऐकू येत होते,
त्यांच्याकडचेही.
"पानाला हात लावू नकोस," म्हणाले.

त्या रात्री दोन दहाला
उणे आठ आलंच.
दोन सतरा झाले, अडीच झाले.
मी नोंदवही मिटून झोपले.