कलम नऊ, पोटकलम आ

'वादकाने तोंडाला रंग लावू नये,
नटाने वाद्याला हात लावू नये,
लावल्यास त्या प्रयोगाचे मानधन संघाकडे जमा.'
अक्षर माझं.
दांडिया बाजारात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या माळ्यात
तेरा जण बसलो होतो गुडघे पोटाशी घेऊन.
खर्ड्यावर सेवउसळीच्या तेलाचा डाग आहे, तोही माझाच.

का लिहिलं ते सांगतो.
चौबळ मालकांनी त्या वर्षी व्हायोलिन बंद केलं.
म्हणाले, नायिकेला येतं की, ती वाजवील विंगेतून.
येतच होतं तिला. वाईट वाजवत नव्हती.
पण वामन हुद्दार
चौतीस वर्षांचं व्हायोलिन गोधडीत गुंडाळून
औषधांच्या कारखान्यात बाटल्या मोजायला गेला.
आम्ही हात वर केले.
तेव्हा माझ्या लक्षात नव्हतं,
किंवा होतं, आणि हात तरीही गेला वर,
की दुसऱ्या अंकातला द्वारपाल मी आहे.

अकरा वर्षं.
पद संपलं की डग्ग्यावर रुमाल,
पिटातून वाकून विंगेत, पगडी, भाला
(भाला म्हणजे पडद्याची जुनी काठी आणि बेगड)
आणि महाराजांसमोर एकच वाक्य.
छापील पुस्तकात नदी शिप्रा होती.
मी म्हणायचो,
'महाराज, विश्वामित्रीला पूर आहे, नाव येणार नाही.'
बडोदं हसायचं.
पुढच्या पदाच्या समेआधी मी परत मांडी घातलेली असायची,
कपाळावर पगडीचा वळ.

त्याचे दोन रुपये वेगळे.
बायको विचारायची, तबल्याचे बावीस कळले, हे दोन कसले?
उभं राहण्याचे, म्हणायचो.

आता द्वारपाल हुद्दारचा धाकटा, श्रीरंग.
आवाज फुटायच्या वयातला.
मालकांनी त्याला बजावलं,
शिप्राच म्हणायचं, चावटपणा नको.
मी पिटात. समोर त्याच्या वहाणा,
त्याही माझ्याच, अंगठा सैल.

नवरात्रानंतरचा पहिला प्रयोग.
पोरगं आलं, वाकलं,
आणि उभं राहिलं.
नुसतंच.
महाराजांनी मिशीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला.
मागे कोणी तरी खोकलं.
ऑर्गनवाल्या इंदूताई माझ्याकडे बघेनात,
म्हणजे बघतच होत्या.

तोंड उघडायचं नाही, कलम नऊ.
रुमाल काढला.

धिनाधा…
धिट्‌धा तिट्‌ताना,
धा तीना.

पोराची मान माझ्याकडे वळली नाही. शहाणं आहे.
'महाराज,' ते म्हणालं, 'विश्वामित्रीला पूर आहे,'
आणि उरलेलं इतकं मोठ्यानं
की नाव खरोखरच फिरून गेली असती.
बापाच्या पायाशी पिटात बसून ऐकलेलं
कुठे तरी मुरलं होतं ते.
बडोदं हसलं.
मालक हसले नाहीत.

रविवारी माळ्यावर तक्रार आली:
तबल्याने संवाद म्हटला.
पुरावा काय, तर नदी.
तीन तास चाललं.
एक म्हणाला, बोल म्हणजे शब्दच.
दुसरा म्हणाला, रंग कुठे होता तोंडाला?
इतिवृत्त लिहायला मीच,
लिहिलं: विषय तहकूब. चहा, तेरा कप.
दंडाचे बावीस मी आधीच डब्यात टाकले होते,
ते कुणी परत केले नाहीत,
मागितलेही नाहीत मी.

जिन्यात वामन उभा होता.
बोटांना औषधाचा वास.
आभार वगैरे मानेल असं मला वाटलं.
म्हणाला, 'तुझी चाट सुतभर उतरलीय.
त्या रात्रीही उतरली होती.'
मग दोन पायऱ्या उतरून,
'पगडी पोराच्या कानावर येते रे. ऐकू कमी येतं त्याला.
आत काही तरी घाल.'

पक्की प्रत संघाच्या कपाटात आहे, शिक्क्यासकट.
खर्डा माझ्याकडे होता.
चार घड्या केल्या.
तेलाचा डाग आतल्या बाजूला.