तिसरी पायरी

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी
आम्ही धरणात गेलेलं गाव आठवायला जमतो,
वसाहतीच्या सभागृहात, ट्यूबलाइटखाली,
टेबलं जोडून, खाटकाकडचा पांढरा कागद पसरून.
पहिल्या वर्षी एकसष्ट जण होतो. आता तेवीस.
भाजलेले चेस्टनट, काळी बोटं, आणि पेन्सिल एकच.
ती एलादियोच्या हातात. तो पोस्टमन होता,
म्हणजे गाव त्याला पाठ असणार, असं आमचं ठरलेलं.

तो चौकापासून सुरुवात करतो.
चर्च, मग सेसारेओची खानावळ, मग कारंजं,
मग उजव्या हाताची घरं, पत्रं टाकत जावं तशी.
कुणीतरी म्हणतं, खानावळीत गाढव शिरलं होतं तो दिवस
आणि सगळे हसतो, गाढव न पाहिलेलेसुद्धा.
मी तेव्हा गोवर येऊन अंथरुणात होतो.
पण आता मला त्याचे कान दिसतात,
नाकाला लागलेली तांबडी वाइन दिसते.

खरं तर माझं गाव चौकात सुरूच व्हायचं नाही.
ते सुरू व्हायचं खालून, गिरणीपाशी,
ओलसर पिठाच्या वासातून,
मग डावीकडे खाजऱ्या पानांची गल्ली, मग एक दार, मग
झोप नसली की रात्री मी एकटा चढत जायचो
आणि एकेक घर आपणहून दिवा लावायचं.
सभेत मी नुकता गिरणीशी पोचलेला असतो
तेवढ्यात एलादियो ओरडतो,
"अमारो, कारंज्याला नळ दोन की तीन?"
मी धावत वर जातो. तीन, म्हणतो.
परत खाली येतो तोवर
गल्ली नसते.

कुणी खोडली नाही. उगाच कुणावर आळ नको.
पाचामुखी परमेश्वर, म्हणतात.
तेवीस मुखांचा तर फारच मोठ्यानं बोलतो,
आणि त्यानं जे उच्चारलं नाही
ते माझ्याही जिभेवरून उतरत जातं.
दर वर्षी नकाशा अधिक सुबक. वाद कमी.
बासिलिसा पूर्वी भांडायची,
गिरणीच्या अलीकडे आणखी एक घर होतं म्हणून.
दोन वर्षं भांडली. तिसऱ्या वर्षी
"असेल माझाच घोळ" म्हणाली
आणि चेस्टनट सोलू लागली.

मग पाऊस न झालेलं ते वर्ष.
पाणी उतरलं. गाव वर आलं,
छपरांशिवाय, करड्या चिखलाचं.
नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून
आम्ही गमबुटांनी गेलो.
चौक जागच्या जागी होता.
कारंज्याला नळ दोनच निघाले.

आणि खाली, कागद जिथे कोरा आहे तिथे,
चार भिंती, एक चूल, वर जाणारा जिना.
परक्याच्या घरात चुकून शिरल्यासारखे
आम्ही उभे राहिलो.
"गोठा असेल," एलादियो म्हणाला.
"गोठाच," आम्ही म्हणालो.
गोठ्याला चूल कशाला, हे कुणी विचारलं नाही.

सगळे पुढे गेल्यावर मी चढलो.
एक, दोन,
आणि तिसरीला माझा गुडघा
आपोआप कमी वाकला.
बुटकी होती ती. पायाला ठाऊक होतं.
नाव आठवलं नाही, चेहरा नाही.
फक्त वरून कुणीतरी ओरडायचं,
"सांभाळून, तिसरी!"
बाईचा आवाज, तोंडात घास असल्यासारखा.

खाली बासिलिसा उभी होती, बूट रुतलेले.
"काय रे?"
"काही नाही."
सांगितलं असतं तर सभेत गेलं असतं,
हसून हसून गुळगुळीत झालं असतं,
गाढवासारखं.

ती हलली नाही. मग तिनं पाय उचलला,
पहिलीवर ठेवला. दुसरीवर.
मी तोंड मिटून
तिच्या गुडघ्याकडे बघत होतो.