खड्यांचा पगार

उदगीरच्या डाळमिलमध्ये बावीस वर्षं
मी डाळ निवडते, असं लोक म्हणतात.
खरं तर मी खडे निवडते.
डाळ आपोआप मागं राहते,
तिच्याकडं बघायला वेळ कुणाला.

उजवा हात दिवाळीपासून वर जाईना.
वेणी घालायला सून लागायची.
दवाखान्यात गोळ्या दिल्या, पिवळ्या, जेवणानंतर.
मग रुक्साना म्हणाली, गुरुवारी चल,
वाचनालयाच्या माडीवर निडवंचे सर बसतात,
फुकट बघतात.

सर पूर्वी शाळेत पीटी घ्यायचे.
शिट्टी अजून गळ्यात आहे, वाजवत नाहीत.
माझा पंजा उताणा धरून म्हणाले,
हा अंगठा म्हणजे डोकं, बोटं म्हणजे हातपाय,
सगळी अयोध्याबाई इथं मावते.
मग काडीनं टोचत टोचत गेले
आणि तर्जनीच्या बुडाशी मी किंचाळले.
तिथं मुगाचा एक दाणा ठेवला, वर चिकटपट्टी.
दिवसातनं धा वेळा दाबा.
गोळ्या सोडायच्या नाहीत, हे दोनदा सांगितलं.

मला हसू आलं.
जन्मभर मी दाण्याला हात लावला,
दाण्यानं मला हात लावला तो आज.

नंतर सगळ्यांना मांडी घालून बसवलं.
श्वास फेका म्हणाले, पोट आत, फुस्स, फुस्स.
मिलमध्ये नवं मशीन आलंय, तेही असंच करतं.
काळा दाणा दिसला की फुस्स, हवेनं उडवतं.
वीस बायांच्या आता आम्ही सहा उरलोत.
डोळे मिटून फुस्स करत होते
आणि दिसत होतं, उडालेली मीच.

शेवटी सर म्हणाले, रोज रात्री
दिवसातलं चांगलं तेवढं आठवा,
वाईट सोडून द्या.
मी बोट वर केलं. शाळेत कधी केलं नव्हतं.
म्हटलं, सर, मला पगार खड्यांचा मिळतो.
खडा सोडून दिला तर कुणाचा तरी दात जातो.
बाया हसल्या. सर हसले नाहीत.
बराच वेळ शिट्टी चाचपत राहिले.
म्हणाले, तुमचं बरोबर आहे.
पुढं काही बोललेच नाहीत.

घरी येताना नळेगाव रोडवर रुक्सानानं विचारलं,
बाई, निवडलेले खडे आपण सांजच्याला काय करतो?
म्हटलं, घमेल्यात भरून नाल्यावर टाकतो.
घरी तर नेत नाही ना, म्हणाली,
आणि लगेच केळीवाल्याशी भावावरून भांडायला लागली.

रात्री आठवायला बसले.
आधी मुकादमाचं टोचून बोलणं आलं,
मग लाईटबिल,
मग धाकट्याचा न आलेला फोन.
डोळ्याला वळणच तसलं.
बऱ्याच वेळानं, बारीक, डाळीच्याच रंगाचं काहीतरी हललं:
रुक्सानाच्या डब्यातली अंबाडीची भाजी.
केळी, शेवटी तिच्याच भावात.
आणि, तुमचं बरोबर आहे.
हे मला घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं,
नवरा होता तेव्हासुद्धा.
तीन झाले. चौथं हुडकता हुडकता झोप लागली.

हात अजून कानापर्यंतच येतो, वेणीपर्यंत नाही.
पण तिसऱ्या दिवशी भांडी घासताना बोटाला खाज सुटली.
पट्टी सोडवली तर दाण्याला मोड आलेला,
पांढरा, वाकडा, नखाच्या कोरीएवढा.

बोटं आपसूक त्याला बाजूला काढायला गेली.
मोडाचा मूग मिलमध्ये चालत नाही,
खड्यातच धरतात.
तशीच थांबले, हाताला साबण, नळ चालू.
मग खिडकीतल्या डालड्याच्या डब्यात,
ओव्याच्या रोपाशेजारी, माती उकरून खोचला
आणि सुनेला हाक मारली,
भाकर करपली तर करपू दे,
ये, बघ तरी.