बर्फ कारखान्यात रात्रपाळी, हर्णै

ड्रॅगनबद्दल माझी तक्रार नाही.
असेल तर असेल.
पण नकाशात एवढा समुद्र काढलाय
आणि सातशे पानांत एकदाही ओहोटी नाही?
राजाची गलबतं हवी तेव्हा बंदरात शिरतात.
पाजपंढरीच्या हसुराम चोगल्याला विचारा म्हणावं,
गाळात रुतलेली होडी
किती विड्या ओढायला लावते.

खुनाच्या कादंबरीत
प्रेत रात्री खाडीत टाकलं
नि सकाळी तिथंच सापडलं.
तिथंच मी पुस्तक मिटलं.
(खुनी डॉक्टरच. शेवटचं पान आधीच वाचलेलं.)

मंगळावरची तेवढी पटली.
लोखंडी खोली, बाहेर मरण,
आत एकटा माणूस
यंत्राची धडधड ऐकत बसलेला,
ती थांबली की दचकणारा.

साडेतीनला कॉम्प्रेसर थांबला.
पानात बोट ठेवून
मी उठलो.