त्रेचाळीस ओळी

दाल्काऊएच्या धक्क्यावर, फेरीच्या तिकीटखिडकीला लागून
माझं दुरुस्तीचं दुकान आहे. एक टेबल, दोन दिवे
आणि बंद पडलेल्यांची रांग.
एदेलमिरा कार्कामो मंगळवारी आली,
लॅपटॉप लोकरीच्या शालीत गुंडाळलेला,
गरम पाव गुंडाळावा तसा.
म्हणाली, "हा ब्राउझर म्हातारा झाला. बँक त्याला आत घेत नाही.
भाची म्हणते दुसरा घे.
पण माझ्या किल्ल्या सगळ्या याच्याच खिशात.
मला एकही पाठ नाही."

मी म्हटलं, सोपं आहे.
सगळ्यांची मिळून एक फाइल होते.
इथून बाहेर, तिथून आत.

पडद्यावर इशारा आला:
ही फाइल ज्याच्या हाती पडेल
त्याला सगळं वाचता येईल.
तिनं तो बोट ठेवून दोनदा वाचला.
मग म्हणाली, "तू जरा फेरीकडे बघ."

मी बघितलं. समोरच्या बेटावरून फेरी परतत होती,
तीन मोटारी, ट्रकवर एक ओला बैल.
माझ्या पाठीमागे त्रेचाळीस ओळी उघड्या पडल्या होत्या,
ठिपक्यांचा आडपडदा नाही काही नाही,
इतक्या वर्षांची झाकली मूठ
टेबलावर सताड.
ती ओठ हलवत वाचत होती.
मध्येच फिस्सकन हसली.
"सॅमनच्या कारखान्यातल्या पगाराच्या चिठ्ठ्या.
तिथला पासवर्ड म्हणजे एक शिवी आहे, मुकादमाच्या नावासकट.
कारखाना बंद झाला, मुकादम कुठे गेला देव जाणे,
शिवी मात्र अजून ताजी."
गाळू का ती?
"छे, तिलाही ने."

मग बराच वेळ ती बोलली नाही.
मोटारी उतरल्या. बैल उतरला.
कितव्या ओळीवर ती थांबली होती मला माहीत नाही,
मी विचारलंही नाही.

नव्या ब्राउझरनं फाइल एका घोटात गिळली.
मी म्हटलं, झालं.
"झालं?" ती म्हणाली. "ओढलं कुणी?"

सात वर्षांची होती तेव्हा त्यांचं घर हललं होतं.
बिऱ्हाड नव्हे, घर.
चुलीसकट, खिडक्यांच्या पडद्यांसकट.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या अकरा जोड्या,
मग भरती साधून पाण्यावर,
होड्यांच्या मागे तरंगत लेमुय बेटाला.
अख्खं गाव दोराला.
मिंगा म्हणतो आम्ही त्याला: ओढायचं सगळ्यांनी,
जेवू घालायचं घरवाल्यांनी. पैशाचं नाव नाही.
"आणि जुन्या जागी?"
"खड्डे. खांबांचे. पाणी साचलं, बेडूक आले."

मला सांगावं लागलं की इथे तसं नसतं.
इथे घर जातं आणि घर राहतंही.
जुन्या ब्राउझरात त्रेचाळीसच्या त्रेचाळीस अजून नांदतायत,
आणि ती फाइल तर उघडीवाघडी डाउनलोडमध्ये पडलीय.
पुसावं लागेल. आपल्या हातानं.
ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू मी घराला काडी लाव म्हणत होतो.

फाइल आधी. मग कचरापेटी.
मग जुन्यातले पासवर्ड, एकदम नको म्हणाली, एकेक.
प्रत्येक वेळी तो विचारायचा: नक्की?
बेचाळीस वेळा ती हो म्हणाली.
"बैलांनी कधी विचारलं नव्हतं," पुटपुटली,
आणि त्रेचाळिसाव्याला लॅपटॉप मिटून टाकला.
"हा राहू दे. बेडकांना."

मी पैसे सांगितले, ते तिनं मोजून दिले.
मग पिशवीतून मिल्काओ काढले,
बटाट्याचे, चरबीत तळलेले, अजून कोमट.
"खा. ओढलंस ना."

खाल्ले. चार.
दुपारभर माझ्या बोटांचे ठसे
की-बोर्डावर उमटत राहिले,
ज्याच्या हाती पडेल त्याला
वाचता येतील असे.