दोनशे चौदा

नॉरिचच्या गारगोटीच्या भिंती
पावसात भिजत नाहीत, चकाकतात फक्त.
तळघरात आम्ही पाचजण, एक हीटर,
आणि टेबलावर सात हात लांब चामड्याची गुंडाळी :
कुण्या मठाचा जमाखर्च, सन तेराशे एकोणपन्नास.

गिलियन थर्टल लॅटिन वाचते.
कारकुनानं शब्दांची शेपटं तोडलेली, वर एक आडवी रेघ,
म्हणजे उरलेलं तुमचं तुम्ही समजून घ्या.
मला ही सवय जुनी आहे.
कोल्हापूरच्या दप्तरखान्यात उमेदवारी केली तेव्हा
मोडीचे कागद असेच वाचले,
बोरू न उचलता लिहीत सुटलेल्या माणसांचे.
रुमाल बांधताना त्यांच्या ध्यानीमनीही नसेल
की ही गाठ माझ्यासारखं कुणी सोडील.

ताडेउश खोडरबर घेऊन येतो.
चामड्यावरून हलकेच फिरवतो,
चुरा काचेच्या नळीत भरतो,
आणि दोन आठवड्यांनी सांगतो :
पहिले तीन तुकडे मेंढीचे, चौथा वासराचा.
मी विचारलं, मेंढ्या संपल्या होत्या का?
गिलियन मान वर न करता म्हणाली,
किंवा मेंढ्या राखणारा.

मोरवेना तळ्यातला गाळ कापते,
बोटभर काप म्हणजे काही वर्षं.
धान्याचे परागकण विरळ होत जातात,
मग गवत, मग बर्चची झाडं.
शेत पडीक पडलं, ती म्हणते.
का पडलं, ते गाळाला विचारू नका.

ओवेन प्रॉसरकडे हाडं.
जुन्या दफनभूमीतली बाई, वय तीस ते चाळीस,
पुढच्या दोन दातांत खाच,
ओला दोरा वर्षानुवर्षं ओढून पडते तशी.
तो तिला दोनशे चौदा म्हणतो.
म्हणतो कसला,
खोक्यावर लिहिलंय तेवढंच.

नोव्हेंबरात एका दुपारी, चारलाच अंधारलेलं,
गिलियननं एकतिसाव्या ओळीवर बोट धरलं
(धरलं म्हणजे बोटभर वर, हवेत) :
*एका बाईस, सूत कातल्याबद्दल, दीड पेनी.*
वरच्या ओळीत सुताराचं नाव आहे.
खालच्या ओळीत घोड्याचंसुद्धा.

किटलीतलं पाणी उकळून आपोआप बंद झालं.
चौघांचे डोळे ओवेनच्या खोक्याकडे.
माझेही. कबूल करते.

नाही, गिलियन म्हणाली.
या गावात कातणाऱ्या बायका शेकड्यांनी होत्या,
तुमचा कार्बन ऐंशी वर्षांचा घोळ ठेवतो,
आणि दातातली खाच म्हणजे सही नव्हे.
तिचं बरोबर होतं.
तरी त्या दिवशी खोक्याचं झाकण लावताना
ओवेननं ते जरा जपूनच लावलं.

पुढे लेख लिहायला घेतला.
ओवेननं लिहिलं, ‘ही तीच असणे संभवते’.
गिलियननं खोडलं.
ताडेउशनं पुन्हा घातलं, मोरवेनानं प्रश्नचिन्ह जोडलं,
एका क्रियापदासाठी सहा आठवडे
आम्ही एकमेकांना अतिशय सभ्य ईमेल पाठवत होतो.
शेवटी मीच सुचवलं, खाली न्या.
तळटीप सतरा. बारीक टाइप. दोन ओळी.

त्याच रात्री कोटाचं बटण तुटलं.
सुई ओवली, चार टाके घातले,
गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.
मग बराच वेळ जीभ दातांवरून फिरवत
खिडकीशी उभी राहिले.
समोर वेन्सम नदी, तिच्यात एक दिवा.

शनिवारी बाजारातून दीड पौंडाला कात्री आणली.
चांगली धारदार आहे.
अजून ड्रॉवरमध्येच आहे.